आहेर बाईंचा ऑफसाइड

आहेर बाई स्टाफरूममध्ये शिरल्या की आम्ही आपापले चहाचे कप उचलून हातात धरायचो. टेबलावर राहिलेला कप त्यांच्या लेखी कप नसायचाच, तो बचावाला उभा राहिलेला खेळाडू असायचा. डस्टर गोलकीपर, खडूचा तुकडा चेंडू, आणि भूगोलाच्या सरांची तपकिरीची डबी म्हणजे पुढे घुसलेला फॉरवर्ड. अशी मांडामांड झाली की बाई बोटाने खडू पुढे ढकलायच्या आणि समोर जो सापडेल त्याला विचारायच्या, "बोला, डबी ऑफसाइड हे की नाय?"

बहुतेक जण सुटका व्हावी म्हणून काहीतरी ठोकून द्यायचे. उत्तर चुकलं तरी बाई चिडत नसत. खडू जागेवर आणून पुन्हा विचारायच्या. "चेंडू पोचला तेव्हा डबी कुठं होती, ते विचारत नाय मी. चेंडू निघाला तेव्हा कुठं होती? निघाला तो क्षण धरा." तोवर मधली सुट्टी संपायची, चहा गार व्हायचा आणि भूगोलाचे सर डबी खिशात घालून वर्गावर निघून जायचे.

आमची शाळा पंचवटीत होती. मी इंग्रजी शिकवायचे, आहेर बाई शारीरिक शिक्षण. कळवणकडच्या एका खेड्यातून आलेल्या. काळ्यासावळ्या, काटक, पदर कमरेला घट्ट खोचलेला, गळ्यात शिट्टी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. तरुणपणी खो-खो गाजवलेला होता. लग्न केलं नव्हतं. भावांची शिक्षणं करता करता ते राहून गेलं, असं त्या सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "राहून गेलं ते बरंच झालं. नाय तर आता कुणाच्या तरी डब्यात पोळ्या भरत बसले असते." वर्गात त्यांचं बोलणं अगदी पुस्तकी असायचं, पण रंगात आल्या किंवा रागावल्या की कळवण बाहेर पडायचं.

फुटबॉल त्यांच्या आयुष्यात आला तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, आणि तोही वरून हुकूम आला म्हणून. संस्थेच्या अध्यक्षांनी मुंबईहून दोन फुटबॉल आणि गोलाच्या जाळ्या आणल्या. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून सांगितलं, "चौदा वर्षांखालच्या मुलांचा संघ काढा." बाईंनी जन्मात फुटबॉलला पाय लावला नव्हता. ग्रंथालयातून नियमांचं एक इंग्रजी पुस्तक शोधून त्या माझ्याकडे आल्या. "बाई, हात लावायचा नाय ते कळलं. जाळीत मारायचा तेही कळलं. पण हे ऑफसाइड काय भानगड हे, ते सांगा."

मी शब्दांचे अर्थ सांगत गेले. मला स्वतःला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग एकदम उठल्या, फळ्यावर मैदान काढलं आणि मलाच समजावायला लागल्या. चेंडू पुढे ढकलला जातो त्या क्षणी, पलीकडच्या अर्ध्या मैदानात थांबलेल्या गड्याच्या आणि समोरच्या गोलरेषेच्या मधे समोरच्या संघाचे निदान दोघे तरी असायला हवेत. बहुतेक वेळा त्यातला एक गोलकीपर असतो आणि दुसरा बचावातला शेवटचा खेळाडू. त्या शेवटच्या खेळाडूच्या ओळीत असला तरी चालतं, पण त्याच्यापुढे जाऊन चेंडूची वाट बघत बसलेला चालत नाही. "म्हणजे चोरून पुढं जाऊन बसायचं नाय," बाई म्हणाल्या. "जायचं तर चेंडूमागून, सगळ्यांच्या देखत जायचं."

त्या नियमावर त्यांचं प्रेमच जडलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. त्यातली एक बारीक गोष्ट त्यांना फार आवडायची. नुसतं त्या जागी असणं हा गुन्हा नाही, तिथून खेळात भाग घेतला तरच गुन्हा. "बघा ना बाई, काय इनसाफ हे! माणूस नुसता चुकीच्या जागी उभा हे म्हणून त्याला शिक्षा नाय. तिथं उभं राहून लुडबुड केली तर शिक्षा." हे सांगताना त्यांचे डोळे चमकायचे. आमच्या शाळेत बदल्या, वेळापत्रकं आणि वार्षिक शेरे कसे ठरतात हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं. असं काहीतरी चोख आणि सगळ्यांना सारखं लागू होणारं जगात कुठेतरी लिहून ठेवलेलं आहे, याचं त्यांना अप्रूप वाटत असावं.

शाळेमागच्या मैदानावर त्यांनी मुलांना शिकवायला सुरुवात केली. बचावातल्या चौघांना त्यांनी चक्क विहिरीच्या दोरखंडाने कमरेला एकमेकांशी बांधलं. एक पुढे गेला की चौघांनी पुढे जायचं, एक मागे राहिला की चौघं तोंडावर आपटायचे. वरच्या मजल्यावरून मुली हसायच्या. पण पावसाळा संपेस्तोवर दोर सुटला आणि तरीही चौघं एका रेषेत हलायला लागले.

त्या चौघांच्या मधला मुलगा संतोष. मखमलाबादचा, झेंडू-शेवंती लावणाऱ्या घरातला. पहाटे फुलं खुडून, बापाला गाडी भरायला मदत करून तो शाळेत यायचा. बोटं कायम पिवळी. अभ्यासात यथातथाच, पण हा नियम त्याच्या अंगात भिनला होता. समोरचा फॉरवर्ड पुढे झुकला आणि त्याचा साथीदार चेंडू मारायला पाय मागे नेतोय असं दिसलं की संतोष ओरडायचा, "चला!" चौघं एकदम पुढे धावायचे आणि फॉरवर्ड बिचारा मागे एकटा उघडा पडायचा. चेंडू त्याच्याकडे गेला की हे चौघं हात वर करून उभे. शिट्टी!

"पळायचं नाय," बाई त्यांना सांगायच्या. "हात वर करायचा आणि ताठ उभं राहायचं. नियम आपल्या बाजूनं हे. नियम बाजूनं असताना माणसानं कुत्र्यासारखं धावू नये."

त्या वर्षी आमचा संघ सामन्यामागून सामने जिंकत गेला. समोरच्या शाळांचे पालक वैतागायचे. "हा काय खेळ आहे का? पळून जातात आणि हात वर करतात!" मग बाई त्या पालकांच्या घोळक्यात शिरायच्या, त्यांच्याच चपला मातीत मांडून त्यांना नियम समजावायच्या. एक-दोघांना पटायचा. उरलेले आपली चप्पल शोधत निघून जायचे.

अंतिम सामना गावातल्या मोठ्या मैदानावर होता. समोर एक इंग्रजी माध्यमाची शाळा, खिळ्यांचे बूट घातलेली मुलं. आमची निम्मी मुलं कॅनव्हासच्या बुटांत. त्या दिवशी पुण्याहून क्रीडा वसतिगृहासाठी मुलं निवडायला एक गृहस्थ आले होते. राहणं, जेवण, शिक्षण, खेळ, सगळं तिथेच. सामन्याआधी ते बाईंना म्हणाले, "तुमचा तो मधला मुलगा मी उपांत्य सामन्यात पाहिलाय. आज पुन्हा बघतो." बाईंनी संतोषच्या बापाला निरोप धाडला. तो फुलांची गाडी भावावर सोपवून, धोतराचा सोगा हातात धरून मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला होता. पोराचा खेळ तो पहिल्यांदाच बघत होता.

सामना संपत आला तरी गोल झाला नव्हता. मग मैदानाच्या मध्यावरून त्यांच्या एका मुलाने चेंडू मारायला पाय मागे नेला. संतोष ओरडला, "चला!" चौघं पुढे धावले. त्यांचा फॉरवर्ड मागे एकटा राहिला. तो इतका एकटा होता की मला, कपबशांवर नापास झालेल्या बाईलासुद्धा, ते कळलं. चेंडू निघाला. आमच्या चौघांनी हात वर केले आणि ताठ उभे राहिले.

शिट्टी वाजलीच नाही. फॉरवर्डने एकदा मागे वळून पाहिलं. त्यालाही शिट्टीची अपेक्षा असावी. कोणी अडवत नाही म्हटल्यावर तो चेंडू घेऊन सरळ गेला आणि आमच्या गोलीच्या बाजूने त्याने चेंडू जाळीत सोडला. रेफरीने मध्यरेषेकडे हात केला. गोल. संतोषचा हात अजून वरच होता.

कडेच्या रेषेवर झेंडा घेऊन एक शिक्षक उभे होते. ऐनवेळी माणूस मिळाला नाही म्हणून दुसऱ्या कुठल्यातरी शाळेतून त्यांना धरून आणलं होतं. बाई धावत त्यांच्याकडे गेल्या. "सर, चेंडू मारला तेव्हा तो कुठं होता?"

"गोलीच्या अलीकडे होता ना, बाई?" ते शांतपणे म्हणाले. "गोलीच्या पलीकडे गेला तर ऑफसाइड. एवढं तर कुणालाही माहीत असतं."

बाई रेफरीकडे गेल्या. तो म्हणाला, "लाइनमनने झेंडा दाखवला नाही. मी काय करू?" बाई बोलत राहिल्या तेव्हा त्याने त्यांना मैदानापासून लांब जायला सांगितलं. आम्ही एका गोलने हरलो.

सामन्यानंतर समोरच्या संघाचा प्रशिक्षक आमच्याजवळ आला. तसा भला माणूस होता. "बाई, ऑफसाइड होता, खरंय. पण शिट्टी वाजेपर्यंत पळत राहायचं, हे आम्ही पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो."

"पुस्तकात नव्हतं ते," बाई म्हणाल्या.

पुण्याचे गृहस्थ निघाले होते. बाईंनी त्यांना गाडीपाशी गाठलं. ते म्हणाले, "पोरगा चांगला आहे हो. पण चेंडू खेळात असताना हा उभा राहिला. असा मुलगा मी कसा घेऊन जाऊ?" बाईंनी तिथेही ऑफसाइड समजावायला सुरुवात केली. त्यांनी हात जोडले आणि गाडीत बसले. पलीकडे संतोषचा बाप पोराला म्हणत होता, "चल." एवढंच. दंडाला धरून घेऊन गेला.

त्यानंतर संतोष शाळेत आला नाही. काही दिवस वाट बघून बाई एका संध्याकाळी त्याच्या घरी मखमलाबादला गेल्या. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय झालं?"

"समजावून सांगितलं त्याच्या बापाला. सगळं सांगितलं. आधी म्हणाला, तुमी हात वर करायला शिकवलं, हात वर करून पोट भरत नाय. पण मग ऐकून घेतलं. शेवटी कबूल केलं त्यानं, ऑफसाइडच होता." हे सांगताना बाई अभिमानाने ताठ बसल्या होत्या.

"मग येतोय का संतोष?"

"यील. बापाला पटलंय आता."

संतोष आला नाही. त्याचं नाव पटावरून कमी झालं. पुढे त्याला रामकुंडाच्या वाटेवर फुलांची पाटी घेऊन बसलेला शाळेतल्या मुलांनी पाहिलं. बाईंनी तो रस्ता सोडला. बाजारातून शाळेत यायला त्या लांबून वळसा घालून यायच्या.

दुःख व्यक्त करायची त्यांची रीत वेगळी होती. वर्षभराने त्यांनी मला सांगितलं, "रेफरीची परीक्षा देतेय. रेषेवर माणूस आंधळा असला तर नियम काय चाटायचा हे? आता रेषेवर मीच उभी राहते."

तेव्हा त्या चाळिशीच्या घरात होत्या. पहाटे मैदानावर एकट्याच झेंडा घेऊन कडेकडेने धावायच्या, तोंड मैदानाकडे ठेवून, आडव्या पावलांनी. दूधवाले सायकली थांबवून बघत राहायचे. परीक्षेला खोलीत सगळे पुरुष. एकाने विचारलं, "मॅडम, चहाची व्यवस्था तुमच्याकडे आहे का?" बाई म्हणाल्या, "नाय. पण तुमचं काही अडलं असलं तर सांगा, समजावते." त्याचं खरोखरच अडलं होतं. त्याचं नाव कदम. एका शाळेत शिक्षक. परीक्षेआधी बाईंनी त्याला ऑफसाइड समजावला आणि दोघंही पास झाले.

मेन रोडवरच्या शिंप्याकडून काळी पँट आणि काळा शर्ट शिवून घेऊन बाई मैदानावर उतरल्या, तेव्हा "बाई लाइनमन" बघायला माणसं गोळा झाली. पहिले काही सामने हसण्यात गेले. मग हसू ओसरलं. त्या कधी चुकत नव्हत्या, असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक वेळी त्या शेवटच्या खेळाडूच्या ओळीत असायच्या. कडेवरून एखादा बाप ओरडला की म्हणायच्या, "दादा, रेषेत उभं राहिल्याशिवाय बोलू नये. या, माझ्या मागं उभे रहा." काही जण येऊन उभेही राहिले. तिथून ते परत ओरडले नाहीत. लहान मुलांच्या सामन्यांत एखाद्याला ऑफसाइड दिला की चेंडू बाहेर गेल्यावर त्या त्याला हळूच सांगायच्या, "अर्धं पाऊल मागं राहा, सोन्या. अर्धंच." त्या वर्षांत मी त्यांना खुशीत पाहिलं. पुन्हा तसं पाहिलं नाही.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका नगरसेवकाने आपल्या दिवंगत वडिलांच्या नावाने शाळांसाठी चषक ठेवला होता. मंडप, लाउडस्पीकर, लग्नाचं शूटिंग करणारा व्हिडिओवाला, सगळा थाट. अंतिम सामन्यात नगरसेवकाचा पुतण्या खेळत होता. रेफरी कदम सर, आणि मंडपासमोरच्या रेषेवर आहेर बाई. मी मंडपात मागच्या रांगेत बसले होते.

बरोबरी चालू असताना पुतण्याकडे लांबून चेंडू आला आणि त्याने गोल मारला. मंडप उभा राहिला, फटाके वाजले. बाईंचा झेंडा वर होता. चेंडू निघाला तेव्हा पुतण्या कुठे होता, ते मी शपथेवर सांगणार नाही. मी त्या रेषेत नव्हते. बाई होत्या.

कदम सरांनी झेंडा पाहिला. मग मंडपाकडे पाहिलं. मग मध्यरेषेकडे हात केला.

बाईंनी झेंडा खाली घेतला नाही. कोणीतरी ओरडलं, "बाई, झेंडा उतरवा, पंधरा ऑगस्ट झाला!" मंडप हसला. दुसरा म्हणाला, "स्वयंपाकाला उशीर होतोय बाईंना!" पुन्हा हशा. शेवटी स्पर्धेचे सचिव स्वतः उठून त्यांच्याजवळ गेले.

"मॅडम, खाली घ्या आता. बरं दिसत नाही."

"रेफरींनी बघितला की घेते."

"बघितलाय त्यांनी."

"बघितला असता तर गोल दिला नसता."

खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हाच झेंडा खाली आला. उरलेला सामना बाईंनी नेहमीसारखाच केला. शेवटच्या खेळाडूच्या ओळीत, आडव्या पावलांनी, चेहऱ्यावर काही न दाखवता. सामना संपल्यावर कदम सर मान खाली घालून आले. "बाई, मला दिसला होता झेंडा. पण माझा मुलगा नगरसेवकांच्या संस्थेत नोकरीला चिकटतोय. तुम्ही समजून घ्या."

"सर," बाई म्हणाल्या, "त्या दिवशी परीक्षेला तुमचं अडलं होतं ना, तेव्हा मी गप बसायला पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन रविवार कारंज्याजवळच्या त्या व्हिडिओवाल्याच्या दुकानात गेल्या. त्याने टेप लावली. मैदान दिसत होतं, मुलं दिसत होती, लांबून मारण्यासाठी एकाने पाय मागे नेलेला दिसला, आणि नेमका तिथून कॅमेरा वळून प्रमुख पाहुण्यांच्या चेहऱ्यावर गेला. पाहुणे रुमालाने घाम पुसत होते. कॅमेरा परत आला तेव्हा चेंडू जाळीत होता. बाईंनी टेप मागे घ्यायला लावली. पुन्हा लावली. पुन्हा मागे. अखेर दुकानदार म्हणाला, "ताई, किती वेळा बघाल? साहेब घामच पुसणार."

त्यानंतर बाईंना सामने मिळेनासे झाले. कोणी काढून टाकलं नाही, कोणी कारण दिलं नाही. नुसते निरोप यायचे थांबले. पुढच्या वर्षी त्याच चषकाच्या वेळी सचिवांचा शाळेत फोन आला. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून दिला. मी हजेरीपट ठेवायला आत गेले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"मॅडम, यंदा तुम्ही स्टेजवर हव्यात. बक्षीस समारंभात पदकांचं ताट धरायला. छान काठापदराची साडी नेसून या."

"आणि रेषेवर कोण?"

"ते आहेत ना आमचे लोक."

बाईंनी फोन ठेवला. मुख्याध्यापक म्हणाले, "जा की, आहेर बाई. मान असतो तो." बाई गेल्या नाहीत. ते मुख्याध्यापकांपर्यंत आणि तिथून वर कुठेतरी पोचलं असावं. त्या उन्हाळ्यात शाळेमागच्या मैदानावर पत्र्याचे वर्ग उभे राहिले. फुटबॉल बंद झाला. त्याऐवजी बाईंना मिरवणुकीसाठी लेझीम पथक बसवायला सांगितलं. त्यांनी ते बसवलं. नावाजण्यासारखं बसवलं. मुलींच्या रांगा अशा सरळ हलायच्या की बघत राहावं. लोक टाळ्या वाजवायचे. बाई रस्त्याच्या कडेने चालायच्या आणि कुणाकडे बघायच्या नाहीत.

मुदतीआधीच निवृत्ती घेऊन त्या कळवणला भावाकडे गेल्या. मी एकदा एसटीने त्यांना भेटायला गेले. बाहेरच्या खोलीत भाच्या-पुतण्यांचा गलका होता. टीव्हीवर परदेशातला कसलातरी फुटबॉलचा सामना चालला होता. गोल झाला, आणि रेफरीने तो रद्द केला. एका पुतण्याने मान वळवून विचारलं, "आत्या, ऑफसाइड म्हणजे काय गं?"

मी बाईंकडे पाहिलं. त्या लसूण सोलत होत्या.

"मला नाय माहीत," त्या म्हणाल्या. "चॅनल बदल. काहीतरी बरं लाव."

मी निघाले तेव्हा स्टँडवर सोडायला आल्या. बस लागेपर्यंत इकडचं तिकडचं बोललो. बस हलली तेव्हा खिडकीपाशी येऊन म्हणाल्या, "बाई, पोरांना खरं शिकवलं मी. खोटं काय शिकवलं नाय." मी मान हलवली. त्यांना माझं उत्तर हवं होतं की नाही, ते मला कळलं नाही.

काही वर्षांनी त्यांच्या भावाचा फोन आला. झोपेतच गेल्या होत्या. मी कळवणला जाऊन आले. मग शाळेत शोकसभा झाली. नवे मुख्याध्यापक त्यांना कधी भेटले नव्हते. ते म्हणाले, "आपल्या शाळेचं लेझीम पथक ज्यांनी नावारूपाला आणलं, त्या आहेर मॅडम आज आपल्यात नाहीत." फुटबॉलचं नाव कुणी काढलं नाही. तो बघितलेलं माझ्याशिवाय तिथे कोणी उरलंही नव्हतं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी बोलले, ऑफसाइडचंही बोलले. मुलं चुळबुळत होती, घरी जायची वेळ झाली होती.

परत येताना मी फुलबाजारात गेले. संतोषला सांगावं, एवढंच मनात होतं. त्याचं आता पक्कं दुकान होतं. दोन माणसं हाताखाली, मिशा, कपाळाला गंध. त्याने मला ओळखलं, स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. मी बातमी सांगितली. हार ओवणारा त्याचा सुईचा हात थांबला.

"कधी गेल्या?"

मी सांगितलं.

"चांगल्या होत्या बाई," तो म्हणाला. "लय जीव लावून शिकवायच्या." मग हार पुन्हा ओवायला घेत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या मखमलाबादला आमच्या घरी आलत्या, ठाऊक असंल तुमाला."

"हो. तुझ्या वडिलांना समजवायला."

"मी आतल्या खोलीत होतो. दाराआड. बाप त्या दिवशी बऱ्या रंगात होता. त्यानं आईला चहा टाकायला सांगितला. मला वाटलं, आता बाई म्हणतील, पोराला शाळेत पाठवा. त्या नुसतं एकदा म्हणल्या असत्या ना, तर बाप नाय म्हणला नसता. बाईंचा मान ठेवायचा तो." त्याने दोरा ओढून गाठ मारली. "बाईंनी अंगणात झेंडूची फुलं मांडली. हा गोली, हा आपला संतोष, हा त्यांचा. अंधार पडेस्तोवर ऑफसाइडच समजावत बसल्या. बापाला पटलं. बरोबर हे म्हणला. मंग त्या उठल्या, पाया पडू नको म्हणल्या आईला, आन् गेल्या."

चहा आला. मी कप उचलून हातात धरला.

"शाळेचा इषयच नाय काढला त्यांनी," तो म्हणाला.

दुकानापुढे एक बाई पिशवी घेऊन उभी राहिली होती. संतोषने मान वर केली आणि विचारलं, "काय देऊ, ताई? शेवंती का झेंडू?"